पारेषण मनोऱ्यांतील पोलादी सांधे व त्यांची चाचणी

उच्च दाबाची वीज दूरवर वाहून नेणाऱ्या तारा ज्या जाळीदार पोलादी मनोऱ्यांवर तोललेल्या असतात, त्यांना पारेषण मनोरे म्हणतात. असा मनोरा कोनाकृती छेदाच्या (अँगलच्या) शेकडो तुकड्यांचा बनलेला असून हे तुकडे बोल्टांनी एकमेकांस जोडलेले असतात. मनोऱ्याचे प्रत्येक अंग किती भार सोसेल याचे गणित बऱ्याच अंशी निश्चितपणे करता येते. परंतु दोन अंगे जेथे मिळतात त्या सांध्याचे वर्तन गणिताने पूर्णपणे उलगडत नाही. त्यामुळे पोलादाची बचत करण्यासाठी सांधा जसजसा आटोपशीर होत गेला, तसतसा तो प्रत्यक्ष भार देऊन तपासण्याची गरज वाढत गेली. कमीत कमी पोलादात पुरेसे बल देणाऱ्या घटकास इष्टतम घटक म्हणतात. अशा घटकांच्या चाचणीचा महाराष्ट्रातील इतिहास मुख्यतः पारेषण मनोऱ्यांशी निगडित आहे आणि त्याची गरज मुंबईच्या वीजपुरवठ्याचे प्रवेशद्वार असलेल्या पनवेल परिसरात विशेष स्पष्टपणे दिसून येते.

सांध्याचे कार्य : मनोऱ्याचे चार पाय मुख्यतः उभा भार व वाऱ्यामुळे निर्माण होणारे संपीडन व ताण सोसतात. पायांना एकत्र बांधणारे तिरपे घटक वाऱ्याचा व तारांच्या ओढीचा आडवा भार खाली नेतात. तारा ज्यांना टांगलेल्या असतात ते आडभुज मनोऱ्याच्या धडाला जोडलेले असतात. या सर्वांचा मिलाफ सांध्यात होतो. गणित करताना सांधा म्हणजे एक बिंदू असून तेथे सर्व अंगांच्या मध्यरेषा मिळतात आणि प्रत्येक अंग तेथे बिजागरीप्रमाणे मोकळे फिरू शकते, असे गृहीत धरतात. प्रत्यक्षात कोनाकृती तुकड्याची दोनांपैकी एकच बाजू बोल्टांनी जोडलेली असते. त्यामुळे बल तुकड्याच्या मध्यरेषेतून न जाता तिच्या एका अंगाने जाते व तुकडा दाबला किंवा ताणला जात असतानाच वाकूही लागतो. ताण सोसणाऱ्या तुकड्याच्या न जोडलेल्या बाजूचे पूर्ण क्षेत्रफळ म्हणूनच हिशेबात धरीत नाहीत.

बोल्ट सहज बसावा म्हणून त्याचे भोक थोडे मोठे ठेवावे लागते. भारतीय प्रथेप्रमाणे १६ मिमी. व्यासाच्या बोल्टसाठी १७.५ मिमी. व्यासाचे भोक पाडतात. ही दीड मिलिमीटरची मोकळीक एका सांध्यात नगण्य वाटते. पण पायथ्यापासून शिखरापर्यंत अनेक सांधे भाराखाली थोडे थोडे सरकले म्हणजे मनोऱ्याचा माथा गणिताने सांगितलेल्या अंतरापेक्षा अधिक झुकतो. भार वाढत गेल्यास सांधा अनेक प्रकारे निकामी होऊ शकतो. बोल्ट कापला जातो. बोल्टच्या दाबाने भोक लांबट होते. भोकांमुळे दुर्बळ झालेल्या छेदात तुकडा फाटतो. भोकापासून कडेपर्यंतची पट्टी तुटून निघते. किंवा अनेक अंगांना एकत्र जोडणारी गसेट पट्टी दाबाखाली दुमडते. यांपैकी कोणता प्रकार आधी घडेल हे पट्टीची जाडी, भोकांची मांडणी, कडेपासूनचे अंतर व पोलादाची जात या सर्वांवर एकत्रितपणे अवलंबून असते.

पूर्वेतिहास : लोखंडी घटक प्रयोगशाळेत तोडून पाहण्याची पद्धतशीर प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. स्कॉटिश अभियंता डेव्हिड कर्काल्डी याने लंडनच्या सदर्क भागात चाचणी-शाळा काढली आणि तेथे जलदाबावर चालणाऱ्या प्रचंड यंत्रात पूर्ण आकाराचे घटक ताणून, दाबून व वाकवून तपासण्याची सोय केली. मते नव्हेत तर वस्तुस्थिती हवी, अशा आशयाचे ब्रीद त्याने शाळेच्या दारावर कोरविले होते.

या शाळेचे महत्त्व एका मोठ्या अपघातामुळे जगासमोर आले. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री स्कॉटलंडमधील टे नदीवरील रेल्वे पुलाचा उंच भाग वादळात कोसळला व त्यावरून जाणारी गाडी सर्व उतारूंसह नदीत पडली. पुलाच्या बिडाच्या खांबांना तिरप्या लोखंडी पट्ट्यांनी बांधलेले होते आणि या पट्ट्या खांबांवर ओतीव कामातच घडविलेल्या कानांना बोल्टांनी जोडलेल्या होत्या. चौकशीच्या वेळी पडलेल्या पुलातील कान व पट्ट्या कर्काल्डीच्या शाळेत तपासण्यात आल्या. पट्ट्यांच्या मानाने कान फार दुर्बळ होते व अपेक्षित भाराच्या कितीतरी आधीच ते तुटत होते. भोके ओतकामातच निमुळती झाल्याने बोल्ट त्यांच्या एकाच कडेवर टेकत असत, हेही दोषाचे एक कारण होते. पुलाची मोठी अंगे शाबूत असताना तळहाताएवढ्या जोडघटकाने सबंध संरचना खाली आणली होती.

२९ ऑगस्ट १९०७ रोजी कॅनडातील क्वेबेक येथील बांधकाम चालू असलेला पूल कोसळून ७५ कामगार मृत्युमुखी पडले. तेथे दाब सोसणारे प्रचंड घटक अनेक पट्ट्यांचे बनलेले होते आणि त्यांना एकत्र धरून ठेवणाऱ्या जाळीच्या पट्ट्या व त्यांचे रिव्हेट अपुरे ठरले. चौकशीत लहान प्रमाणावरील नमुना-घटकांच्या चाचण्या झाल्या, तेव्हा दोष जाळीतच असल्याचे दिसून आले. दोन्ही अपघातांतील समान सूत्र असे की, मुख्य अंगांच्या बलाचा विचार झाला होता. परंतु त्यांना जोडणारे दुय्यम घटक संकल्पनाच्या वेळी कोणी भाराखाली तपासलेले नव्हते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पूल व इमारतींच्या सांध्यांत तप्त रिव्हेटांचा वापर प्रमुख होता. त्यानंतर जास्त बलाचे बोल्ट व विद्युत्‌ वितळजोड (वेल्डिंग) यांनी रिव्हेटांची जागा घेतली. पारेषण मनोऱ्यांत मात्र बोल्टच प्रचारात राहिले. मनोऱ्याचे तुकडे कारखान्यात कापून, भोके पाडून व जस्ताचा थर देऊन डोंगरदऱ्यांत नेले जातात आणि तेथे माणसांच्या हातांनी जोडले जातात. वितळजोडाने जस्ताचा थर जळतो आणि रिव्हेट तापविण्यासाठी उंचावर भट्टी नेणे अवघड असते, ही याची कारणे होत.

महाराष्ट्रातील पारेषण मनोरे : पश्चिम घाटातील पाण्यावर वीज निर्माण करून ती मुंबईच्या गिरण्यांना पुरविण्याची योजना जमशेटजी टाटा यांनी कल्पिली व ती त्यांच्या निधनानंतर साकार झाली. खोपोली येथील वीजगृह १९१५ साली सुरू झाले आणि तेथून सुमारे ७० किमी. अंतरावरील मुंबईस एक लक्ष व्होल्ट दाबाने वीज पोहोचू लागली. त्यामागोमाग भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही वीजगृहे उभी राहिली. त्या काळी मनोऱ्याचे गणित आलेखीय पद्धतीने, म्हणजे कागदावर प्रत्येक सांध्याचा बल-बहुभुज काढून करीत. या पद्धतीत अचूकता बेताची असल्याने अभियंते अंगे व सांधे सढळ हाताने योजीत. पोलाद अधिक खर्च होई. परंतु गणितातील उणीव त्या जादा पोलादात झाकली जाई.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत्‌ मंडळाची स्थापना झाली. कोयना प्रकल्पाची वीज १९६२ पासून मिळू लागली व २२० केव्ही. (किलोव्होल्ट) दाबाच्या वाहिन्या आल्या. पुढे विदर्भातील कोळशावर चालणाऱ्या कोराडी व चंद्रपूर येथील केंद्रांची वीज राज्याच्या पश्चिम भागात आणण्यासाठी ४०० केव्ही.च्या वाहिन्या उभारल्या गेल्या. चंद्रपूर ते पडघे (ठाणे जिल्हा) ही ± ५०० केव्ही. दाबाची व ७५२ किमी. लांबीची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ मध्ये कार्यान्वित झाली. दाब वाढला म्हणजे तारांमधील अंतर वाढते, मनोरा उंच व रुंद होतो आणि वाऱ्याला अधिक पृष्ठभाग मिळतो. वाहिनीची लांबी वाढली म्हणजे एकाच संकल्पनाच्या मनोऱ्यांची संख्या शेकड्यांवरून हजारांवर जाते. या दोन गोष्टींमुळे मनोऱ्याचे वजन हा खर्चाचा प्रमुख प्रश्न बनला.

पनवेल परिसर : पनवेल तालुका (रायगड जिल्हा, १९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) घाट व खाडी यांच्या मध्ये वसलेला आहे. मुंबईहून पुण्याकडे व कोकणाकडे जाणारे रस्ते येथे फुटतात, त्याचप्रमाणे घाटावरून व कोकणातून मुंबईकडे येणाऱ्या अनेक विद्युत्‌ वाहिन्याही या पट्ट्यातून जातात. कळंबोली व खारघर येथे राज्य पारेषण कंपनीची ४०० केव्ही.ची उपकेंद्रे आहेत. कळंबोलीचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे तेथील लोखंड-पोलाद बाजार. मुंबईच्या दाट वस्तीतील लोखंडाचा व्यापार बाहेर नेण्यासाठी सिडकोने हा बाजार वसविला. पोलादी अँगल, पट्ट्या व तुळया यांची गोदामे आणि त्यांच्या जवळूनच गेलेल्या मनोऱ्यांच्या रांगा असे दृश्य येथे दिसते.

या परिसरात मनोऱ्यांच्या सांध्यांवर येणारे भार एकसारखे नसतात. भारतीय मानकातील वाऱ्याच्या नकाशानुसार पुण्यासाठी मूलभूत वेग सेकंदास ३९ मी., तर मुंबईसाठी ४४ मी. धरतात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने इतर गोष्टी समान धरल्या तरी घाट उतरून किनाऱ्याकडे येणाऱ्या वाहिनीवरील दाब सु. २७ टक्क्यांनी वाढतो. डोंगराळ भागात दोन मनोऱ्यांतील अंतरे असमान असतात व खोलगट जागेतील मनोऱ्याला तारा वर उचलू पाहतात. अशा वेळी नेहमी दाबाखाली असणारे सांधे ताणाखाली येतात. खाडीलगतच्या खाऱ्या हवेत पोलाद लवकर गंजते. ५ मिमी. व त्याहून जाड तुकड्यांवर दर चौ. मी.स किमान सरासरी ६१० ग्रॅ. जस्ताचा थर देण्याचे भारतीय मानक आहे. परंतु बोल्टभोवतीच्या फटीत ओल साचत असल्याने गंज चढण्यास बहुधा सांध्यापासूनच सुरुवात होते.

या वाहिन्यांवर किती अवलंबून आहे याचा प्रत्यय १२ ऑक्टोबर २०२० रोजी आला. त्या दिवशी मुंबईस वीज आणणाऱ्या ४०० केव्ही.च्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांत पडघे–कळवा व पुणे–खारघर या वाहिन्यांचा समावेश होता. उपनगरी गाड्या थांबल्या, रुग्णालयांना जनित्रांवर काम चालवावे लागले आणि वीज पूर्ववत होण्यास कित्येक तास लागले. हा प्रसंग मनोरे पडल्यामुळे उद्‌भवलेला नव्हता. तथापि पर्यायी वाहिन्या थोड्या असताना एक वाहिनी गेल्यास काय होते ते त्यावरून दिसले. तार किंवा उपकरण काही तासांत दुरुस्त करता येते, मात्र कोसळलेला मनोरा पुन्हा उभा करण्यास कित्येक दिवस लागतात.

पनवेल तालुक्यात नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी (उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५) जागा तयार करताना टेकडी कापणे व नदीचा प्रवाह वळविणे या कामांबरोबरच तेथून जाणाऱ्या अति-उच्च दाबाच्या वाहिन्या हलविणे हेही एक मोठे काम होते. दाट वस्तीमुळे नव्या वाहिन्यांसाठी जमिनीचा पट्टा मिळणे दुरापास्त झाले आहे. त्यामुळे एकाच मनोऱ्यावर अनेक मंडले वाहून नेणे किंवा जाळीदार मनोऱ्याऐवजी एकच निमुळता पोलादी खांब वापरणे असे उपाय नागरी भागात योजले जातात. अशा प्रत्येक नव्या प्रकारात सांधे नव्याने योजावे लागतात.

पोलादाची बचत व सांधे : ४०० केव्ही.च्या वाहिनीत दोन मनोऱ्यांमधील अंतर सर्वसाधारणपणे ४०० मी. धरतात. या हिशेबाने ७०० किमी. लांबीच्या वाहिनीस सु. १,७५० मनोरे लागतील. प्रत्येक मनोऱ्यात केवळ २०० किग्रॅ. पोलाद वाचविले, तरी एकूण ३५० टनांची बचत होते. शिवाय जस्त, वाहतूक व पायाचे काम यांचा खर्च कमी होतो तो वेगळाच. ठेका वजनावर मिळत वा हुकत असल्याने कारखानदारांत मनोरा हलका करण्याची चढाओढ लागली.

ही बचत तीन मार्गांनी साधली गेली. पहिला मार्ग म्हणजे अधिक बलाचे पोलाद. साध्या पोलादाची कायमचे ताणले जाण्याची मर्यादा सु. २५० न्यूटन प्रति चौ. मिमी. असते; ३५० न्यूटन मर्यादेचे पोलाद वापरल्यास पायांचे छेद लहान करता येतात. दुसरा मार्ग संगणकाचा. संगणकामुळे शेकडो अंगांच्या मनोऱ्यावरील डझनावारी भार-प्रकार थोड्या वेळात तपासून प्रत्येक अंग नेमके हवे तेवढेच ठेवता येऊ लागले. तिसरा मार्ग खुद्द सांध्याचा : गसेट पट्ट्या शक्य तेथे गाळून तिरपे घटक थेट पायाला जोडणे, बोल्टांची संख्या कमी करून त्यांची जात वाढविणे व कडेपासूनची अंतरे किमान ठेवणे.

तिन्ही मार्गांचा परिणाम सांध्यावरच होतो. पाय लहान झाला म्हणजे त्यावर बोल्ट बसविण्यास जागा कमी उरते. गसेट पट्टी गाळली म्हणजे मध्यरेषा एका बिंदूत मिळत नाहीत. बोल्ट थोडे झाले म्हणजे प्रत्येकावर अधिक भार येतो. पूर्वी जादा पोलादाने झाकली जाणारी गणितातील उणीव अशा प्रकारे उघडी पडली. भारतीय मानकांतील बदल हेच दर्शवितात. पारेषण मनोऱ्यांविषयीच्या मानकाच्या (आय. एस. ८०२) १९७७ च्या आवृत्तीत नेहमीच्या भारासाठी २ व तार तुटल्याच्या स्थितीसाठी १.५ असा सुरक्षा गुणक सांगितला होता. १९९५ च्या आवृत्तीने त्याऐवजी वाऱ्याची संभाव्यता व वाहिनीची आवश्यक विश्वसनीयता यांवर आधारलेले अंतिम भार स्वीकारले. सरसकट गुणकाची ढाल गेल्यावर प्रत्यक्ष चाचणीचे महत्त्व आणखी वाढले.

चाचणी-केंद्रे : मनोऱ्याची चाचणी बंदिस्त प्रयोगशाळेत मावत नाही, पूर्ण आकाराचा मनोरा उघड्यावर उभारूनच ती करावी लागते. भारतात बंगलोर येथील केंद्रीय विद्युत्‌ अनुसंधान संस्थेने (स्थापना १९६०) व मद्रास येथील संरचना अभियांत्रिकी संशोधन केंद्राने अशी केंद्रे उभारली. महाराष्ट्रात ही सोय मुख्यतः मनोरे बनविणाऱ्या उद्योगांनी केली. मुंबईत १९४५ साली स्थापन झालेल्या कमानी एंजिनिअरिंग कॉर्पोरेशन या कंपनीचे (१९८४ पासून केईसी इंटरनॅशनल) नागपूरजवळील बुटीबोरी येथे चाचणी-केंद्र आहे. नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातील घोटीजवळ ज्योती स्ट्रक्चर्स या कंपनीने, तसेच वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे तेथील मनोरे-निर्मिती उद्योगाने चाचणी-केंद्र उभारले. परदेशी खरेदीदार चाचणीचा दाखला मागत असल्याने निर्यातीसाठीही ही केंद्रे आवश्यक ठरली.

चाचणीची पद्धत : केंद्राच्या मध्यभागी जाड सलोह काँक्रीटचा पाया असतो व त्यात पक्क्या बसविलेल्या पोलादी चौकटीवर मनोऱ्याचे पाय रोवतात. मनोऱ्याच्या पुढे व बाजूला उंच स्थिर बुरूज असतात. त्यांवरील कप्प्यांवरून जाणारे पोलादी दोर मनोऱ्याच्या आडभुजांना, माथ्याला व धडावरील ठराविक सांध्यांना बांधतात आणि यांत्रिक रहाटांनी ओढतात. प्रत्येक दोरातील ओढ पूर्वी तराजूसारख्या बलमापकांनी मोजीत. नंतर विद्युत्‌ भारमापक आले व सर्व वाचने नियंत्रण कक्षात एकत्र दिसू लागली. निवडक अंगांवर विकृतिमापक चिकटवितात व माथ्याचे झुकणे दूरवरून थिओडोलाइटने मोजतात.

भार एकदम देत नाहीत. संकल्पित भाराच्या ५०, ७५, ९०, ९५ व १०० टक्के अशा टप्प्यांनी तो वाढवितात. मधल्या टप्प्यांवर थोडा वेळ थांबून निरीक्षण करतात व पूर्ण भार पाच मिनिटे टिकवून धरतात. तार तुटल्याची स्थिती, उभारणीच्या वेळची स्थिती, तिरका वारा असे निरनिराळे भार-प्रकार क्रमाने तपासले जातात. सर्वांत कठीण प्रकार शेवटी ठेवतात, कारण करार तसा असल्यास त्यात भार १०० टक्क्यांच्या पुढे नेऊन मनोरा मोडेपर्यंत वाढवितात.

मनोरा मोडण्याआधी बहुधा फारशी सूचना मिळत नाही. भार वाढत असताना सांधे सरकल्याचे आवाज येतात, मग एखादे दाबाखालील अंग बाहेर फुगते आणि क्षणार्धात सबंध धड पिळवटून खाली येते. त्यानंतरचे काम चाचणीइतकेच महत्त्वाचे असते. प्रथम कोणते अंग गेले हे चित्रण व विकृतिमापकांची वाचने यांवरून ठरवितात. सांधे सोडवून भोके लांबट झाली आहेत का, बोल्ट वाकले आहेत का, ते पाहतात. मोडलेल्या अंगांतून नमुने कापून त्यांचे बल तपासतात. कारण चाचणीसाठी निवडलेले पोलाद नेहमीच्या पोलादापेक्षा खूप सरस असेल, तर उत्तीर्ण झालेला मनोरा फसवा ठरेल. मनोरा पूर्ण भारापूर्वी मोडल्यास दुर्बळ घटक सुधारून चाचणी पुन्हा घेतात. या पद्धतीचे भारतीय मानक (आय. एस. ८०२, भाग ३) १९७८ साली प्रसिद्ध झाले.

पूर्ण भारापूर्वीच मोडलेल्या मनोऱ्यांची नोंद जगातील सर्वच केंद्रांत आढळते. त्यांतील पुष्कळ प्रसंगी गणित चुकलेले नसते; गृहीतक चुकलेले असते. एकाच बोल्टने जोडलेला तिरपा घटक गणितात मानला त्यापेक्षा अधिक मोकळेपणाने फिरतो, किंवा दुय्यम आधार देणारा बारीक तुकडा स्वतःच सांध्यात ढिला पडतो. अशा निरीक्षणांतूनच दाबाखालील कोनाकृती अंगांसाठी टोकांच्या जोडणीनुसार निरनिराळी सूत्रे ठरली व ती मानकांत आली. म्हणजे आज जे गणित संगणक करतो, त्यातील पुष्कळसा भाग पूर्वी मोडलेल्या मनोऱ्यांकडून मिळालेला आहे.

चाचणीच्या मर्यादा : चाचणीतील पाया अचल असतो, प्रत्यक्षात चिखलट किंवा भरावाच्या जमिनीत एखादा पाय खचला तर भारांची वाटणी बदलते. वारा झोतांनी येतो व तारा हेलकावे घेतात. चाचणीतील दोर स्थिर ओढ देतात. चाचणीचा मनोरा काळजीपूर्वक जोडलेला असतो. डोंगरावर घाईने जोडलेल्या मनोऱ्यात एखादा बोल्ट ढिला राहू शकतो. नव्या तुकड्यांवरील जस्ताचा थर अखंड असतो. वीस–तीस वर्षांनी खाडीकाठी तो तसाच राहत नाही.

सर्वांत अनपेक्षित भार मात्र निसर्गाचा नव्हे. मनोऱ्यांचे खालचे तिरपे तुकडे चोरीस जाण्याचे प्रकार देशाच्या अनेक भागांत घडतात. भंगाराच्या मोलासाठी काढून नेलेला एक तुकडा पायाची आधाराविना असलेली लांबी दुप्पट करतो आणि दाब सोसण्याची त्याची शक्ती पुष्कळ घटवितो. यामुळे मनोऱ्याच्या खालच्या भागात एकदा आवळल्यावर सहज न सुटणारे बोल्ट वापरण्याचा प्रघात पडला. इष्टतम मनोऱ्यात फाजील अंग जवळजवळ नसतेच. त्यामुळे सढळ हाताने बांधलेल्या जुन्या मनोऱ्यापेक्षा त्यास अशी हानी अधिक भोवते. चाचणीत उत्तीर्ण झालेल्या मनोऱ्याची देखभाल काटेकोर असावी लागते ती याच कारणाने.

अलीकडील प्रवृत्ती : संगणकीय पद्धती सुधारल्याने सांध्यातील मोकळीक, एकांगी जोडणी व पोलादाचे कायमचे ताणले जाणे यांचाही अंतर्भाव गणितात करता येऊ लागला आहे. खर्च व वेळ वाचविण्यासाठी पूर्ण आकाराची चाचणी टाळावी, असा आग्रह त्यामुळे काही वेळा धरला जातो. पूर्वी तपासलेल्या मनोऱ्याशी बरेच साम्य असेल तेथे हा आग्रह समर्थनीय ठरू शकतो. नवा प्रकार, नवे पोलाद किंवा नवी जोडणी असल्यास मात्र गणिताची पडताळणी करण्यास आधीचा अनुभवच नसतो.

हाच प्रश्न इतर पोलादी संरचनांतही उभा आहे. संगणकाने अनावश्यक द्रव्य वगळून सुचविलेले सांधे हाडासारखे वळणदार असतात व ते धातूचे थर एकावर एक चढवून घडविता येतात. नेदर्लंड्समधील ॲम्स्टरडॅम येथे अशा रीतीने घडविलेला सु. १२ मी. लांबीचा पोलादी पादचारी पूल २०२१ साली खुला झाला. त्यासाठी कोणतेही प्रस्थापित मानक लागू नव्हते. म्हणून थर दिलेल्या पोलादाचे नमुने, घटक व अखेरीस पूर्ण पूल यांच्या चाचण्या करूनच त्याची योग्यता ठरविण्यात आली. भारतात पोलादी बांधकामाच्या सर्वसाधारण मानकाची (आय. एस. ८००) पहिली आवृत्ती १९५६ साली निघाली. त्याच्या २००७ च्या आवृत्तीत चाचणीच्या साहाय्याने संकल्पन या विषयास स्वतंत्र विभाग दिलेला आहे. केवळ गणिताने बल निश्चित होत नसेल तेथे चाचणी हा संकल्पनाचा मान्य मार्ग ठरतो, हे तत्त्व त्यामुळे सर्वच संरचनांना लागू झाले.

मुंबई महानगर प्रदेशाची विजेची मागणी वाढत असून पनवेल–उरण पट्ट्यातील नागरीकरणामुळे वाहिन्यांना मिळणारी जागा आक्रसत आहे. उंच, अनेक मंडलांचे व अरुंद पायथ्याचे मनोरे यापुढे अधिक लागतील. वस्तीलगतच्या मनोऱ्याखाली शेताऐवजी घरे, शाळा व रस्ते असतात आणि त्याच्या पडझडीत वीजपुरवठ्याबरोबर माणसांचे जीवही धोक्यात येतात. अशा ठिकाणच्या मनोऱ्यांचे संकल्पन करताना पोलादाच्या बचतीची मर्यादा पूर्ण आकाराच्या चाचणीवरून ठरविणे आणि सांध्यांची नियमित तपासणी वाहिनीच्या देखभालीत अंतर्भूत करणे आवश्यक मानले जाते.